साल एक, महिने किती?

हल्ली आपल्याकडे स्थळे येतात, तेव्हा बायोडेटात मुलाचा पगार महिन्याचा लिहिलेला नसतो, वर्षाचा असतो. ‘पॅकेज १२ लाख.’ घरातली जुनी मंडळी मनातल्या मनात बाराने भागतात आणि म्हणतात, म्हणजे महिना लाख रुपये! मग कोणीतरी जाणकार हळूच सांगतो की तसे नसते; त्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटीचा वाटा असतो, कामगिरी बरी झाली तर मिळेल अशी रक्कम असते, आणि हे सगळे वजा जाता हातात येते ते बरेच कमी. वर्षाचा आकडा एक आणि महिन्याची मिळकत दुसरी, हे ऐकून आजोबांना कंपन्यांची ही नवी लबाडी वाटते. पण ही गोष्ट नवी नाही. आपल्या दख्खनमध्ये तर ती निदान साडेतीनशे वर्षे चालत आली आहे, आणि तिच्यापायी एक अख्खा मराठी प्रांत हातचा गेला आहे. त्याचीच ही हकिकत.

आधी शब्द पाहू, कारण शब्दांतच बराच इतिहास आहे. ‘पगार’ हा आपल्याला घरचा वाटणारा शब्द पोर्तुगीज आहे. त्या भाषेत ‘पागार’ म्हणजे पैसे देणे. ‘दरमहा’ फारसी. ‘मुशाहिरा’ अरबी, त्याच्या पोटात महिना या अर्थाचा ‘शहर’ हा शब्द आहे. ‘हप्ता’ म्हणजे मुळात सात दिवसांचा आठवडा, पण मराठीत तो कर्जाचा झाला आणि महिन्याने येऊ लागला. ‘तनखा’ आज आपण पगाराला म्हणतो. जुन्या कागदात मात्र तनखा म्हणजे अमक्या गावच्या वसुलातून इतकी रक्कम घ्यावी अशी नेमणूक. पैसा नव्हे, पैसा मिळण्याची चिठ्ठी. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो कामाला येतो.

मोगलांच्या मनसबदारांचा पगार वर्षाचा ठरे आणि तो रुपयांत नव्हे, दामांत लिहीत. ४० दामांचा एक रुपया. रोख देण्याऐवजी बहुतेकांना जहागीर मिळे. ज्याचा वर्षाचा हक्क १२,००० रुपये, त्याला कागदावर १२,००० रुपये जमा असलेली गावे लावून देत. कागदावर हिशेब चोख. पण गावे प्रत्यक्षात तेवढी पिकत नसत, आणि दख्खनमध्ये तर दुष्काळ आणि लढायांनी फारच कमी वसूल होई. १६५२ नंतर औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता, त्याच्या पत्रांतही ही तक्रार आहे.

यावर शाहजहानच्या काळात जी तोड काढली गेली, ती मला फार बोलकी वाटते. आकडा कमी केला नाही, महिने कमी केले. ज्या जहागिरीचा खरा वसूल कागदाच्या निम्मा, ती ‘शशमाही’, म्हणजे सहामाही. ज्या जहागिरीत चौथाई येई, ती तिमाही. मनसबदाराचा दर्जा तोच, दरबारातली जागा तीच, वार्षिक पगाराचा आकडाही तोच. फक्त त्याचे वर्ष सहा महिन्यांचे. त्या मानाने त्याने बाळगायच्या घोडेस्वारांची संख्याही कमी धरीत, हे न्यायाला धरून झाले. तरीही बारा महिने पोट भरायचे आणि सहा महिन्यांवर भागवायचे, हे गणित स्वाराच्या घरी कोणी सोडवले असेल, कोण जाणे.

शिवाजी महाराजांनी हा घोळ ओळखला होता असे दिसते. सभासदाच्या बखरीत घोडदळाच्या जुमलेदाराला ५०० होन, हजारीला १,००० होन, पंचहजारीला २,००० होन असे आकडे आहेत, आणि ते वर्षाचे आहेत. अष्टप्रधानांत पेशव्यांना १५,००० होन आणि अमात्यांना १२,००० होन सालीना. महत्त्वाचे हे की पगारापोटी गावे तोडून द्यायची नाहीत. खजिन्यातून रोख द्यायचे किंवा वरात द्यायची, असा नेम होता. ही वरात लग्नाची नव्हे. अमक्या महालातून इतकी रक्कम द्यावी असा तो लेखी हुकूम. फौज दसऱ्याला बाहेर पडे, आठ महिने मुलूखगिरी करून पावसाळ्याआधी छावणीला परते, आणि मग आणलेल्या मालाचा व पगाराचा हिशेब एकत्र होई. म्हणजे इथेही पगार महिन्याचा नव्हताच, हंगामाचा होता. पण देणारा एकच होता आणि हिशेब ठरल्या वेळी होत होता.

पेशवाईत पुन्हा महिन्यांची गंमत सुरू झाली. वर्षभर चाकरी घ्यायची आणि पगार दहा किंवा अकरा महिन्यांचा धरायचा, अशी चाल होती. दहामाही, अकरामाही हे शब्द त्यातूनच आले. समजा शिपायाला दरमहा ७ रुपये ठरले, तर त्याची सालाची बेरीज बारमाहीने ८४, अकरामाहीने ७७ आणि दहामाहीने ७०. शिपाई भरती होताना विचारणार ‘दरमहा किती?’ आणि कारकून सांगणार सात. दोघेही खोटे बोलत नाहीत. फक्त वर्षात महिने किती, हे विचारायचे शिपायाच्या लक्षात आले पाहिजे.

हे ठरलेले दहा महिनेसुद्धा वेळेवर मिळाले असते तर बरे होते. राज्याचा पैसा येतो पिकावर. खरिपाचा एकदा, रब्बीचा एकदा. शिपायाला लागतो तो रोज. मधल्या काळात त्याला वाणी उधार देतो आणि सरकारला सावकार. दोघांचे व्याज शेवटी रयतेवर किंवा शिपायावर बसते. आणि थकबाकी साचली की हत्यार शिपायाच्याच हातात असते! ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शनिवारवाड्यात गणपतीचे दिवस. सुमेरसिंग गारदी आणि त्याचे लोक वाड्यात शिरले ते थकलेल्या पगाराची ओरड करतच. कट दुसराच होता, ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला यावर आपण अजून वाद घालतो. पण शस्त्रे घेऊन शेकडो माणसे पेशव्याच्या दारात आली तरी लवकर कोणाला संशय आला नाही. कारण पगार मागायला शिपाई दारात येणे ही तेव्हा रोजची बाब होती. त्यालाच धरणे म्हणत. सरदाराच्या तंबूपुढे बसायचे, आपण खायचे नाही आणि त्यालाही खाऊ द्यायचे नाही. १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णने आहेत. त्याआधी १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुणेकरांना छळून पैसा काढला, तोही शिंद्यांच्या फौजेची देणी भागवायलाच. आज कर्मचारी संघटना धरणे धरतात, तो शब्द हाच.

आता आपल्या हैदराबादकडे येऊ.

मूसाराम बागेजवळून आपण नेहमी जातो. हे नाव ‘मस्यू रेमों’ या फ्रेंच सेनापतीवरून पडलेले, हे बहुतेकांना माहीत आहे. निजामाच्या चाकरीत त्याची कवायती फौज होती. मार्च १७९८ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रजांनी ती फौज मोडून काढली. मोठी लढाई झालीच नाही. शिपायांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवले होते, आणि कारण एकच, थकलेला पगार. इंग्रजांनी थकबाकी चुकवण्याची हमी दिली आणि हजारो माणसांनी हत्यारे खाली ठेवली. कंपनी सरकार त्या दिवशी एक गोष्ट नीट शिकले. या देशात फौज कोणाची, हे झेंड्यावर ठरत नाही. महिन्याचे पैसे कोण देतो यावर ठरते.

त्याच साली १ सप्टेंबरला निजाम अली खानाशी जो तह झाला, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तो घडवणारा दिवाण तोच, जो खर्ड्याच्या लढाईनंतर पुण्यात मराठ्यांच्या ओलिसात राहून आला होता. कंपनीच्या ६,००० शिपायांच्या तैनाती फौजेचा खर्च तहात महिन्याच्या हिशेबाने मांडला आहे, २,०१,४२५ रुपये. बाराने गुणून सालाचे २४,१७,१०० रुपये. आणि द्यायचे चार सारख्या हप्त्यांत, म्हणजे दर तिमाहीला ६,०४,२७५. पाहा, इथे दहामाही नाही, अकरामाही नाही. पुरे बारा महिने, आणि पै चुकायची नाही.

निजामाचा वसूल मात्र पूर्वीप्रमाणे पिकावरच येत राहिला. चार हप्त्यांची वेळ आणि दोन हंगामांची वेळ जुळेना. दोनच वर्षांत, १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने, टिपूकडून १७९२ आणि १७९९ मध्ये मिळालेला सगळा मुलूख निजामाने कंपनीला कायमचा देऊन टाकला, म्हणजे हप्त्यांची कटकट नको. बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा तो भाग. त्याला पुढे शंभरावर वर्षे ‘सीडेड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणजे देऊन टाकलेले जिल्हे असेच म्हणत. रायलसीमा हे नाव १९२८ मधले. आपले तेलुगू शेजारी ‘दत्त मंडलालु’ म्हणत, तोही त्याचाच अनुवाद.

इतके झाल्यावर निदान फौजेचा प्रश्न मिटायला हवा होता. पण इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात निजामाच्या स्वतःच्या पलटणींना इंग्रज अधिकारी नेमून आणखी एक फौज उभी राहिली. तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट. नाव निजामाचे, अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा, आणि तो वर्षाला सुमारे ४० लाख. अधिकाऱ्यांचे पगार भारी. ते महिन्याच्या महिन्याला मिळालेच पाहिजेत हा दंडक. कारभार होता राजा चंदूलाल यांच्या हाती. विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी १८१४ पासून हैदराबादेत होतीच. फौजेच्या पगारासाठी ती दरमहा पैसे उचल देऊ लागली, तारण म्हणून महालांचा वसूल लावून घेतला, आणि व्याज शेकडा २४ च्या घरात. पुढे रेसिडेंट मेटकाफने हे प्रकरण उघड केले आणि पेढी बुडाली, तरी तिची जागा इतर सावकारांनी घेतली.

चंदूलालांना इतिहासात बरीच शिव्यांची लाखोली मिळालेली आहे. काही अंशी ती योग्यही असेल. पण माझ्या मते त्यांची खरी अडचण कोणत्याही सरकारी हिशेबनीसाला समजावी अशी आहे. जमा वर्षातून दोनदा, खर्च वर्षातून बारा वेळा, आणि हाताशी खजिना असा नाहीच, कारण तालुके मक्त्याने दिलेले. अशा वेळी दर महिन्याची पहिली तारीख म्हणजे सावकाराचा सण. १८४३ मध्ये त्यांनी कारभार सोडला. त्यानंतर पगार थकू लागले, तसे कंपनीने स्वतःच्या खजिन्यातून कंटिंजंटला पगार द्यायला सुरुवात केली आणि ती रक्कम निजामाच्या नावे व्याजासह मांडत गेली. हा डाव फार सोयीचा होता. शिपायाला दरमहा पैसे मिळत होते, त्याची तक्रार नव्हती. निजामाला दरमहा द्यावे लागत नव्हते, म्हणून त्याला टोचणी नव्हती. आणि कर्ज निमूटपणे वाढत होते.

१८५३ मध्ये ते ४० लाखांच्या वर गेले होते आणि गव्हर्नर जनरल होता डलहौसी. २१ मे १८५३ चा तह झाला. मनाविरुद्ध, पण झाला. कंटिंजंटचा पगार कधीच थकू नये म्हणून निजाम नासिरुद्दौल्याने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गाचा भाग आणि रायचूर दोआब कंपनीच्या कारभाराखाली दिला. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, राहिलेले ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र राहिले ते राहिलेच. १९०२ मध्ये कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून ते सालीना २५ लाखांच्या खंडाने कायमचे घेतले, आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले. त्याच सुमारास कंटिंजंट ही फौजच हिंदी लष्करात विलीन झाली. म्हणजे ज्या पगारासाठी प्रांत गेला, तो पगार घेणारी फौज उरली नाही, पण प्रांत परत आला नाही.

अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशिम. आपल्यापैकी कितीतरी घरांची माहेरे आणि आजोळे या जिल्ह्यांत आहेत. एका बाजूला मोगलाई म्हणजे मराठवाडा आणि दुसऱ्या बाजूला वऱ्हाड, एकच भाषा बोलणारे, पण शंभर वर्षे वेगवेगळे कायदे, वेगवेगळे चलन आणि वेगवेगळ्या शाळा. या फाळणीचे मूळ पाहू गेले तर ते लढाईत नाही, पगारपत्रकात आहे.

तहानंतर काही दिवसांतच २४ वर्षांचा सालारजंग दिवाण झाला. वऱ्हाड परत मिळवण्यासाठी तो पुढे आयुष्यभर झटला, १८७६ मध्ये इंग्लंडपर्यंत जाऊन आला, यश आले नाही. पण वऱ्हाड का गेले हे त्याला कळले होते. मक्तेदार तालुकदार काढून त्याने पगारी नोकर नेमले, अरब जमादारांकडे पगारापोटी गहाण पडलेले महाल सोडवले, १८६५ मध्ये जिलाबंदी करून जिल्हे पाडले. वसूल सरळ खजिन्यात आणि पगार सरळ खजिन्यातून. मधला सावकार दूर झाला. चारमिनारपासून नांदेड, परभणीपर्यंत कचेऱ्यांतून जो मराठी कारकून पुढे पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, त्याच्या दरमहा पगाराचा पाया इथे आहे.

त्या कारकुनाचा पगारही सरळ नव्हता बरे. वर्ष फसली. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला आझूर महिन्याने सुरू होई. मग दय, बहमन, इस्फंदार असे करत आबानला संपे. मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या शाळा-दाखल्यांवर जन्मतारीख या महिन्यांत आहे आणि साल काढायला साधारण ५९० मिळवावे लागतात. रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. १०० कलदार म्हणजे ११६ हाली, १० आणे, ८ पै. ऐकायला विचित्र, पण हिशेब सोपा आहे: सात हाली बरोबर सहा कलदार. ज्याला ७० हाली पगार, त्याच्या हातात नागपूर किंवा मुंबईच्या मापाने ६० रुपये. सोयरीक जमवताना मुंबईचा पाहुणा ‘पगार ७०’ ऐकून खूश होई आणि मग कोणी विचारी, हाली की कलदार? आजच्या ‘पॅकेज की हातात?’ या प्रश्नाची ती आजी. १९४८ नंतर हाली चलन हळूहळू गेले, आणि जुन्या नोकरांचे पगार आणि पेन्शन सात-सहाच्या प्रमाणात कलदारांत बसवले गेले. अनेकांना आपले पैसे कापले गेले असेच वाटत राहिले. गणिताने कापले नव्हते. पण ७० चे ६० होताना पाहणे सोपे नसते.

इथे जाता जाता एका गोष्टीचा निकाल लावू. दर दिवाळीला मोबाईलवर एक मजकूर फिरतो. पूर्वी पगार आठवड्याचा होता, वर्षात ५२ आठवडे, चार-चार आठवड्यांचे तेरा पगार. इंग्रजांनी महिन्याचा पगार करून एक पगार खाल्ला, आणि बोनस म्हणजे तोच परत मिळवलेला तेरावा पगार. गणित आकर्षक आहे, इतिहास नाही. मुंबईच्या गिरण्यांत पगार बहुतांशी महिन्याचाच होता, आणि तोही पुढचा महिना बराच उलटल्यावर हाती येई. बोनस आला तो पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, महागाई आणि गिरण्यांचा अफाट नफा पाहून. तो बंद केला म्हणून १९२४ मध्ये मोठा संप झाला. बोनसचा कायदा १९६५ चा. दरमहा पगाराला कायद्याची चौकट मिळाली ती १९३६ च्या वेतन अधिनियमाने: पगाराची मुदत एका महिन्याहून मोठी नसावी, आणि महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत, हजार किंवा जास्त कामगार असतील तर दहाव्या दिवसाच्या आत, पैसे हातात पडावेत. पेशव्यांच्या शिपायाने हे कलम ऐकले असते तर त्याला ते रामराज्य वाटले असते.

आम्ही सरकारी नोकर आजही महिन्याचेच बोलतो. आमची वेतनश्रेणी महिन्याची, महागाईभत्ता महिन्याचा, फक्त वेतनवाढ सालीना. तरी जुन्या गमती उरल्याच आहेत. पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला होतो, म्हणून मार्चचा पगार एप्रिलमध्ये पडतो आणि आमचे प्राप्तिकराचे वर्ष मार्च ते फेब्रुवारी असे मोजले जाते. सणासाठी उचल घेतली तर ती दहा महिन्यांत कापतात. दहामाही तिथे वेगळ्या रूपात टिकून आहे. आणि बिनपगारी रजा टाकायची असेल तर आमचे जुने हेडक्लार्क एक सल्ला देतात: फेब्रुवारीत टाकू नका. एका दिवसाचा पगार काढताना त्या महिन्याला २८ ने भागतात, मार्चला ३१ ने. दिवस तोच, काम तेच, पण फेब्रुवारीतला दिवस महाग पडतो.